रात्री कुत्रं कुठं झोपणार?

दिवाळीच्या आगेमागे पुणे-नाशिक रस्त्यावर, नारायणगावच्या अलीकडे-पलीकडे, कुत्र्यासकट निघालेली तीन तऱ्हेची बिऱ्हाडं दिसतात. एक धनगराचा वाडा. पुढं मेंढरं, मागं घोड्यावर लादलेला संसार, त्या संसारावर बसवलेलं लहान पोर आणि पाय बांधलेल्या कोंबड्या, कडेकडेनं चालणारी दोन-तीन कुत्री. दुसरं बिऱ्हाड ऊसतोड टोळीचं. बैलगाडी नाहीतर ट्रॅक्टरची ट्रॉली, तीत चूल, पत्रे, अंथरुणं, आणि गाडीच्या सावलीतून चालणारं कुत्रं. तिसरं आपलं, शहरातलं. डिकीत बॅगा, मागच्या सीटवर मुलं आणि मुलांच्या मधोमध काचेला नाक लावून बसलेला घरचा कुत्रा.

हे तिसरं बिऱ्हाड अलीकडं वाढलं आहे, आणि त्याचं एक कारण दिवाळीच आहे. माणसाला साधारण वीस हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, कुत्र्याला चाळीस हजारांच्याही वरचा. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पुण्यातल्या सोसायटीत जे फुटतं, ते त्याच्यापर्यंत कसं पोहोचत असेल याची आपल्याला कल्पनाही करता येत नाही. पलंगाखाली थरथरत पडलेलं, पाणीसुद्धा न पिणारं जनावर दोन दिवाळ्या पाहिलं की घरातलेच म्हणतात, यंदा इथं नको, गावाकडं जाऊ. आमच्या घरीही असंच झालं. आत्याचं घर येडगावला आहे. मी फोन केला. तिनं फराळाचं विचारलं नाही की किती दिवस राहणार हेही विचारलं नाही.

“राणीला आणतोयस ना? आण. पण एक सांगते, रात्री ती घरात झोपणार. पडवीत नाही, ओट्यावर नाही.”

या मुलखात कुत्र्याला घेऊन येणाऱ्या प्रत्येक कुटुंबानं निघण्याआधी या एकाच गोष्टीचं उत्तर काढून ठेवावं, असं माझं ठाम मत झालं आहे. गाडीतला पट्टा, पाण्याचं भांडं, लसीचा दाखला हे सगळं लागतंच, पण त्यांचा नंबर नंतरचा.

त्यामागं पाण्याची गोष्ट आहे. कुकडी नदी नाणेघाटाजवळच्या डोंगरात उगवते, कुकडेश्वराच्या देवळापासून जुन्नर आणि ओझर करत येडगावला येते. येडगावचं धरण १९७० च्या दशकात पुरं झालं. कुकडी प्रकल्पाची धरणं पाच: माणिकडोह, पिंपळगाव जोगे, वडज, डिंभे आणि येडगाव. त्यांत येडगावचं काम वेगळं आहे. वरच्या धरणांतलं पाणी इथं जमतं, आंबेगावातल्या डिंभ्याचं पाणीसुद्धा कालव्यानं इथंच येतं, आणि इथून कुकडीचा डावा कालवा पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्याच्या दिशेनं निघतो. ओझरच्या विघ्नहराच्या घाटावर उभं राहून समोर जे पाणी दिसतं, तो याच धरणाचा फुगवटा.

पाणी आल्यावर ऊस आला. बाजरीच्या रानात जनावराला लपायला पावसाळ्यापुरतीच जागा मिळायची. ऊस बारा ते अठरा महिने उभा राहतो. आत सावली असते, गारवा असतो, पाटाचं पाणी असतं, माणसाचा वावर तोडणीपर्यंत जवळजवळ नसतो, आणि शंभर पावलांवर वस्तीची कुत्री, शेळ्या, कोंबड्या असतात. बिबट्याच्या मादीला पिल्लं घालायला याहून सोयीची जागा सह्याद्रीच्या जंगलातही मिळायची नाही. आज इथं असे बिबटे आहेत ज्यांच्या कैक पिढ्या उसातच जन्मल्या. तोडणीच्या दिवसांत फडात डोळे न उघडलेले बछडे सापडतात, वनखात्याची माणसं त्यांना टोपलीत घालून रात्री त्याच जागी ठेवतात आणि आई येऊन त्यांना उचलून नेते. इथले लोक मात्र बिबट्या म्हणत नाहीत, वाघच म्हणतात.

आता कुत्र्याकडं येऊ. जुन्नरच्या उत्तरेला डोंगर ओलांडला की अकोले तालुका लागतो. तिथं विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्यांचा अभ्यास केला. तिथंही असाच ऊस, अशाच वस्त्या, चौरस किलोमीटरला तीनशेच्या वर माणसं. बिबट्याच्या विष्ठेतल्या केसांवरून त्याचा आहार काढला. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षानुसार खाल्लेल्या एकूण वजनात पाळीव आणि वस्तीवरच्या जनावरांचा वाटा ८७ टक्के होता, आणि एकट्या कुत्र्याचा ३९ टक्के. शेळी, गाय, वासरू सगळी मागं पडली. शेळी रात्री गोठ्यात बंद असते. कुत्रं बाहेर असतं, एकटं असतं आणि भुंकून आपली जागा सांगत असतं.

म्हणून आत्याची अट. साखळीनं ओट्याला बांधलेलं कुत्रं तर सगळ्यात धोक्यात, कारण त्याला पळताही येत नाही. वस्तीवर फिरलं की घराघरातून एकच हकीकत ऐकू येते: रात्री थोडं भुंकणं, एक आवाज, सकाळी तुटलेली साखळी. शहरातून आलेल्या माणसाला वाटतं, आपला कुत्रा चाळीस किलोचा आहे, तो राखण करील. बिबट्याशी गाठ पडली तर तो राखण करणार नाही. एक तर तो मरेल, नाहीतर जीव घेऊन मालकाच्या पायांकडं पळत येईल आणि पाठलाग करणारं जनावरही त्याच्या मागोमाग येईल.

कृषी पर्यटनाच्या जागा इथं बऱ्याच झाल्या आहेत. २०१८ मध्ये राज्य सरकारनं जुन्नरला पर्यटन तालुका जाहीर केलं, त्यानंतर त्या वाढल्या, आणि पुष्कळ ठिकाणी आता कुत्र्यालाही मुभा असते. एका ठिकाणी मी चौकशी केली तेव्हा उत्तर आलं की कुत्रा चालेल, मागं पिंजरा आहे, रात्री तिथं ठेवू. पिंजरा म्हणजे कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती जाळी. बिबट्या अशी जाळी फाडतो. आणि समजा नाही फाडली, तरी जाळीबाहेर येरझाऱ्या घालणाऱ्या बिबट्यासमोर ती रात्र काढणं कुत्र्यासाठी पुण्यातल्या दहा लक्ष्मीपूजनांहून वाईट. खोलीत, दार लावून, तुमच्याजवळ, याशिवाय दुसरं काही सांगितलं तर तिथं जाऊ नये. खोली खराब होते म्हणून जादा पैसे मागितले तर द्यावेत.

धनगरांना हे कुणी शिकवलेलं नाही. पाऊसकाळ सरला की पारनेर-संगमनेरच्या माळावरचे वाडे पश्चिमेला सरकतात. काही जुन्नर-आंबेगावच्याच मोकळ्या वावरांत मेंढरं बसवत महिने काढतात, काही घाट उतरून कोकणात जातात. मेंढरं रात्री शेतात बसवायची, लेंडी-मुताचं खत शेतकऱ्याला मिळायचं, बदल्यात धान्य किंवा पैसे. रोज नवं रान, रोज नवी रात्र. दिवस मावळायच्या आत वाघर लागते, म्हणजे दोराच्या जाळीचं कुंपण. आत मेंढरं, लगत पाल, पालात बाया आणि पोरं. कुत्री वाघरीच्या आणि पालाच्या मधल्या पट्ट्यात असतात, माणसाच्या हाकेच्या आत. ती बिबट्याशी लढावीत अशी कुणाचीच अपेक्षा नसते. त्यांनी आधी सांगावं, एवढंच. एक भुंकलं की सगळी भुंकतात, माणसं बॅटऱ्या घेऊन उठतात, आरडाओरडा होतो. भाकरी त्यांना माणसांच्या बरोबरीनं पडते.

यातल्या काहींच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा असतो, टोकं बाहेर काढलेला, कारण बिबट्या मान धरतो. हा पट्टा हिमालयातल्या मेंढपाळांच्या कुत्र्यांना असतो तसाच. मला तो कायम कुत्र्याचा दागिना वाटायचा. २०२५ च्या हिवाळ्याच्या तोंडावर शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेडला बिबट्यानं थोड्या दिवसांत एकामागून एक माणसं मारली, त्यांत लहान मुलं होती. लोक महामार्गावर बसले. त्यानंतरच्या छायाचित्रांत तिथले शेतकरी स्वतःच्या गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात काम करताना दिसले. घोड आणि कुकडीच्या खोऱ्यातली ही गावं येडगावापासून फार लांब नाहीत, सगळी एकाच जुन्नर वनविभागात येतात. सुट्टीवर आलेल्या माणसानं हे छायाचित्र डोळ्यांपुढं ठेवावं. आपण दोन रात्री राहून परत जातो, इथल्यांना रात्रपाळीच्या विजेनं पाणी धरायला रोज त्याच बांधावरून जावं लागतं.

तरीही इथं येऊ नये असं मी म्हणणार नाही. धरणाच्या भिंतीवरून सकाळी सात वाजता दिसणारा शिवनेरीकडचा डोंगर आणि मोकळ्या वावरात सुसाट पळणारी आमची राणी हे मला दुसरीकडं कुठं मिळालेलं नाही. फक्त इथं दिवस आणि रात्र वेगळी पाळावी लागतात. ऊन चढल्यापासून ते मावळतीच्या तासभर आधीपर्यंतचा वेळ कुत्र्याचा. त्यातही दोरी दोन हातांची, लांबवता येणारी नको, आणि उसाच्या कडेनं चालायचं नाही. कुत्रं वासावरून फडात घुसलं आणि आत पिल्लांची आई असली तर पुढचं आपल्या हातात राहत नाही. मावळतीनंतर त्याला बाहेर न्यायचं झालंच तर दिव्याखाली, दारासमोर, दोन माणसांनी मिळून.

दिवसाचेही धोके आहेत, आणि गंमत वाटेल पण ते या तालुक्याच्या पिकांतूनच येतात. नारायणगावची द्राक्षं देशभर जातात. द्राक्ष आणि बेदाणा कुत्र्याला विषारी आहेत. किती खाल्ले की बाधतात याचा नेम नाही, काही कुत्र्यांची मूत्रपिंडं मूठभरानं निकामी झाली आहेत. विष नेमकं कशात आहे हे बरीच वर्षं कोडं होतं. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी टार्टारिक आम्लाकडं बोट दाखवलं. ते चिंचेतही भरपूर असतं. दिवाळीत बागेत द्राक्षं नसतात, तेव्हा छाटणी होऊन नवी फूट निघालेली असते, पण रव्याच्या लाडवावर बेदाणा असतो आणि चिवड्यातही. पोरं प्रेमानं एकेक लाडू त्याला भरवतात. फराळाचा डबा उघडण्याआधी मुलांना एवढं सांगून ठेवावं. बागेत औषध फवारणी चालू असेल तर त्या दिवशी तिकडं फिरकू नये, आणि पिंपाशेजारी साचलेलं पाणी त्याला पिऊ देऊ नये.

कांदा ही दुसरी गोष्ट. ओतूर, आळेफाटा, नारायणगाव ही कांद्याची बाजारपेठ. कांद्यानं कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, शिजवला तरी गुण जात नाही, आणि लक्षणं दोन-चार दिवसांनी दिसतात, म्हणजे घरी परतल्यावर. नारायणगावला थांबून मिसळ खाल्ल्याशिवाय कुणी पुढं जात नाही, आणि ताटात उरलेली तर्री-पाव टेबलाखाली सरकवण्याचा मोह सगळ्यांना होतो. उकडलेला भात आणि दही डब्यात बरोबर ठेवलं की हा मोह आपोआप टळतो.

पाण्याबद्दल एवढंच सांगतो. धरणाच्या उथळ कडेला कुत्रं उतरलं तर हरकत नाही, गाळ तेवढा पाहावा. कालव्याच्या जवळ मात्र दोरी सोडू नये. अस्तरीकरण केलेल्या कालव्याच्या बाजू उतरत्या आणि गुळगुळीत असतात, आवर्तन चालू असताना ओढ जबर असते. पोहणारं कुत्रंसुद्धा वर चढू शकत नाही, आणि त्याला काढायला उतरलेला माणूसही नाही.

साप आहेत. शेतीचा मुलूख आहे, उंदीर आहेत, म्हणजे नाग, घोणस, मण्यार, फुरसं हे चौघंही असणारच. नारायणगावचे डॉ. सदानंद राऊत आणि डॉ. पल्लवी राऊत यांनी सर्पदंशाच्या उपचारांसाठी जे काम केलं, त्यानं या भागातल्या हजारो माणसांचे जीव वाचले. या चार सापांवर चालणारं जे प्रतिविष माणसाला देतात तेच पशुवैद्य कुत्र्यालाही देतात. नाकावर किंवा पायावर एकाएकी सूज दिसली तर घरगुती उपाय करत बसू नये, तालुक्यातला पशुवैद्यकीय दवाखाना कुठं आहे हे निघतानाच विचारून ठेवावं.

देवळांचा प्रश्न घरात वाद लावतो. येडगावला आलेला माणूस ओझर-लेण्याद्री केल्याशिवाय परतत नाही, शिवनेरी तर चढायलाच हवा. तिन्ही ठिकाणी कुत्र्याला आत नेता येत नाही. मग कुणीतरी मागं राहायचं. गाडीत काचा दोन बोटं उघड्या ठेवून कुत्र्याला सोडून जाणं हा उपाय नव्हे. कुत्र्याला घाम फक्त पंजांना येतो, बाकी सगळा ताप धापेतून बाहेर टाकावा लागतो. बाहेर तिशीचं ऊन असेल तर बंद गाडीत दहा मिनिटांत पारा चाळिशीकडं जातो, मग धाप लागूनही उपयोग नसतो. आमच्याकडं पाळी ठरवली. ओझरला मी घाटाबाहेर झाडाखाली राणीबरोबर बसलो, लेण्याद्रीच्या पायथ्याशी बायको बसली. लेण्याद्रीला वानरं आहेत, कुत्रं दिसलं की कालवा करतात, तेव्हा पायऱ्यांपासून लांबच थांबलेलं बरं.

रस्त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. जुन्नरला रेल्वे नाही. पुणे-नाशिक रेल्वेची आखणीसुद्धा खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीमुळं बदलावी लागली. म्हणजे कुत्र्याला गाडीशिवाय वाट नाही. निघण्याआधी तीन-चार तास त्याला खायला देऊ नये. चाकण ओलांडेपर्यंत थांबत-सरकत जावं लागतं, तिथंच ओकाऱ्या होतात. मुंबईची मंडळी माळशेजनं येतात, त्यांनी घाटाच्या आधी एकदा उतरवावं. याच माळशेजजवळ २००९ मध्ये टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून काढलेला, गळ्यात पट्टा बसवलेला एक बिबट्या सोडला होता. ‘आजोबा’ नावाचा तो बिबट्या महिनाभरात सव्वाशे किलोमीटर चालून मुंबईच्या जंगलाशी पोहोचला. सुजय डहाके यांचा २०१४ चा चित्रपट त्याच्यावरच आहे. बिबट्याला इथून हलवलं की प्रश्न मिटला, हा समज त्या चालण्यानं मोडला.

वसुबारसेला आपण गाय-वासराची पूजा करतो. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात आणि अकोल्यात महादेव कोळी गुराखी त्याच दिवशी वाघबारस करतात. रानातल्या वाघोबाच्या शेंदरी दगडापाशी जमतात, खीर रांधतात, आमच्या गुराला, आमच्या माणसाला सांभाळ म्हणून नवस करतात. नेपाळात नरकचतुर्दशीच्या सुमाराला कुकुर तिहार असतो, तेव्हा कुत्र्याच्या गळ्यात झेंडूची माळ घालून कपाळाला टिळा लावतात. आपल्याकडं दिवाळीत कुत्र्याचा दिवस नाही, पण खंडोबाच्या घोड्यापाशी तो आहे. कोरठणला, निमगावला, धामणीला जा, देवाच्या चित्रात कुत्रा सापडेल. खंडोबा धनगरांचा देव, वाघ्या त्याचा सेवक, आणि गावोगावच्या कुत्र्यांचं नाव वाघ्या. ज्या कुटुंबांचा संसार चालत्या वाटेवर होता त्यांनी कुत्र्याला देवापाशी जागा दिली, यात मला काहीच नवल वाटत नाही.

या कुत्र्यांबद्दल एक मागणी आहे. बिबट्यानं गाय, म्हैस, शेळी, मेंढी मारली तर वनखातं पंचनामा करतं, भरपाई देतं. कुत्रं मारलं तर त्याचा पंचनामा नाही, भरपाई नाही. माझ्या राणीसाठी मला पैसे नकोत, तिची काळजी घ्यायला माझ्याकडं भिंती आहेत. वाड्याच्या कुत्र्याची गोष्ट निराळी. ते तयार व्हायला दोन वर्षं जातात आणि ते गेलं की त्या रात्रीपासून पालातली पोरं उघडी पडतात. जुन्नर वनविभागात बिबट्याच्या हल्ल्यांत वाड्यांवरची आणि टोळ्यांमधली मुलं गेली आहेत. वनखात्यानं मेंढपाळांना तंबू आणि सौरदिवे दिले, ते चांगलंच केलं. त्याच जोडीला मेंढपाळाचं कुत्रं भरपाईच्या यादीत घ्यावं. रक्कम थोडी असली तरी चालेल. पैशासाठी का होईना, माणूस येऊन सांगेल की काल रात्री अमुक रानात माझं कुत्रं गेलं. पंचनामा झाला की ती जागा नकाशावर चढेल आणि वनरक्षकाला कळेल की त्या शिवारात वाघ वाड्याच्या आतपर्यंत येऊ लागला आहे. आज ही खबर त्याच्यापर्यंत मेंढी गेल्यावर पोहोचते, कधी पोर गेल्यावर.